विभक्त झाल्यानंतरचा पहारा

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)



१९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने स्त्रीला घटस्फोटाचा अधिकार दिला. संस्कृती बुडेल असा गहजब त्या काळी झाला. संस्कृती काही बुडाली नाही. परंतु ‘ती माझी आहे’ ही पुरुषाची मालकीची भावना त्या कायद्याने सुटली नाही. आज ती मोबाईलमधून स्त्रीच्या मागे लागते. विभक्त झालेला पती किंवा प्रियकर जुनी खासगी छायाचित्रे तिच्या नातेवाइकांना व्हॉट्सॲपवर धाडतो, तिच्या नावाने खोटे खाते उघडून त्यावर तिचा नंबर टाकतो, माहीत असलेला पासवर्ड वापरून तिचे संदेश वाचतो. परक्या गुंडाला ठाऊक नसलेल्या गोष्टी याला ठाऊक असतात. तिने विश्वासाने दिले, त्याचेच हत्यार होते.

अशा वेळी समाज पहिला प्रश्न तिलाच विचारतो : ‘फोटो काढूच का दिलास?’ या प्रश्नाचे उत्तर कायद्याने २०१३ साली, न्यायमूर्ती वर्मा समितीच्या अहवालानंतर दिले. स्त्रीने छायाचित्र काढण्यास संमती दिली, म्हणून ते इतरांना दाखविण्यास संमती दिली असे होत नाही. हे तत्त्व भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ मध्ये कायम आहे. तिच्या इंटरनेट-वापरावर पाळत ठेवणे हा कलम ७८ खाली गुन्हा आहे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्यान्वये दंडाधिकारी इलेक्ट्रॉनिक संपर्कासही मनाई करू शकतात. पश्चिम बंगालमधील एका न्यायालयाने २०१८ साली अशाच प्रकरणात तरुणाला पाच वर्षांची शिक्षा दिली.

म्हणजे कायदा आहे. वाण आहे ती पोलीस ठाण्याची पायरी तिच्यासोबत चढणाऱ्यांची. घरचे म्हणतात, ‘फोन बंद कर, गाजावाजा नको.’ पण आज फोन बंद करणे म्हणजे नोकरी, बँक, मैत्रिणी साऱ्यांवर पाणी सोडणे. शिक्षा भोगायची तिनेच, आणि तो मोकळा!

म्हणून आपले काम साधे, पण नेटाचे आहे. असे चित्र आपल्या गटात आले तर ते पुढे धाडू नका आणि धाडणाऱ्याला तिथेच अडवा. संदेश, तारखा, खात्याचे पत्ते पुसून टाकण्यापूर्वी त्यांचा पुरावा जपायला तिला मदत करा. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर अशी तक्रार नाव न देताही करता येते, हे वस्तीवस्तीत सांगा. आणि घरातल्या मुलांना आतापासून शिकवा, की नकार ऐकून घेणे यात कोणताही पराभव नाही. घटस्फोटाचा हक्क कागदावर मिळून सत्तर वर्षे झाली. तो स्त्रीला निर्भयपणे जगता यावा, एवढे तरी आपण पाहिले पाहिजे.