परक्या मैदानावरचा विजय

(शाळेच्या हीरक महोत्सवी क्रीडा पारितोषिक समारंभात मुख्याध्यापिकांनी केलेले भाषण)



या समारंभात मुख्याध्यापिकेने वर्षभरात मिळवलेल्या चषकांची यादी वाचावी, अशी आपली जुनी प्रथा आहे. ती यादी मी वाचणारच आहे. मात्र ती वाचायला फार वेळ लागणार नाही, हे आपण जाणताच. उरलेल्या वेळात एका फुटबॉलच्या सामन्याविषयी बोलण्याची अनुमती मागते. मराठी हा माझा विषय. ऑफसाइड म्हणजे नेमके काय, हे नववीतल्या मुलांनी मला तीनदा फळ्यावर काढून दाखवले, तरी ते मला अजून पुरते उमगलेले नाही. तेव्हा जाणकारांनी माझ्या चुका पोटात घालाव्यात.

आधी आपल्याच घरातली गोष्ट सांगते. गेल्या वर्षी आपला संघ शहराच्या दुसऱ्या टोकाच्या एका मोठ्या शाळेत खेळायला गेला होता. अकरा जण जमवताना सातवीतली दोन मुले घ्यावी लागली होती. आपण नऊ गोलांनी हरलो. परतीच्या बसमध्ये कोणी बोलले नाही, असे क्रीडाशिक्षकांनी मला सांगितले. दुसऱ्या दिवशी सकाळी एका मुलाचे वडील माझ्या खोलीत आले. ते रागावलेले नव्हते, आणि रागावलेले नव्हते म्हणूनच मला अवघड गेले. ते म्हणाले, "बाई, हरण्याचं काही नाही. पण हरणारच हे ठाऊक असताना मुलांना तिथं न्यायचं कशासाठी?"

मी काहीतरी उत्तर दिले. प्रयत्न, चिकाटी, खिलाडूवृत्ती. आम्हा शिक्षकांच्या तोंडी हे शब्द सदैव तयार असतात. ते गृहस्थ नमस्कार करून गेले, आणि माझ्या लक्षात आले की मी त्यांच्या प्रश्नाला उत्तर दिलेच नाही. खरे सांगायचे तर तो प्रश्न केवळ फुटबॉलचा नव्हता. सुलतान बाजार, काचीगुडा या भागांतून आपल्या शाळेत जेव्हा एका इयत्तेच्या तीन-तीन तुकड्या भरत, तो काळ इथे बसलेल्या अनेकांनी पाहिला आहे. आज एकेक तुकडी आहे. तेलुगू, उर्दू आणि इंग्रजीच्या या महानगरात मराठी माध्यमाची शाळा चालवायची कशासाठी, हे मला लग्नकार्यातसुद्धा विचारले जाते.

त्याच सुमारास नववीतल्या एका मुलाने मला सान मारिनोची गोष्ट सांगितली. मी तिचा माग काढत गेले, तो असा.

सान मारिनो हे इटलीच्या पोटात, रिमिनी शहराजवळ, तितानो डोंगराच्या आधाराने वसलेले प्रजासत्ताक. क्षेत्रफळ 61 चौरस किलोमीटर, लोकसंख्या 34,000 च्या आसपास. चहूबाजूंनी एकच देश आणि मध्ये हा ठिपका. (आपल्या शाळेशी तुलना मनात येते, पण ती फार ताणू नये, त्यांची भाषा इटालियनच आहे, त्यांना आमच्यासारखी भाषेची विवंचना नाही.) एवढ्या वस्तीतून राष्ट्रीय संघ उभा करायचा म्हणजे व्यावसायिक खेळाडू हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. बाकीचे दिवसा नोकरी करणारे, शिकणारे आणि संध्याकाळी सरावाला येणारे हौशी खेळाडू.

या संघाने पहिला अधिकृत स्पर्धात्मक सामना 14 नोव्हेंबर 1990 रोजी स्वित्झर्लंडविरुद्ध खेळला आणि 0-4 असा गमावला. पुढची कहाणी बहुतांशी पराभवांचीच आहे. 1993 साली इंग्लंडविरुद्ध त्यांच्या दाविदे ग्वाल्तिएरीने अवघ्या 8.3 सेकंदांत गोल केला. सारे जग चकित झाले, आणि मग इंग्लंडने 7-1 असा सामना जिंकला. 2006 साली जर्मनीने त्यांच्याच मैदानावर त्यांना 13-0 असे हरवले. 28 एप्रिल 2004 रोजी लिक्टेनस्टाइनविरुद्ध मैत्रीपूर्ण सामन्यात 1-0 असा एक विजय मिळाला; त्यानंतर 140 सामने एकही विजय नाही. त्या काळात सलग 61 पराभवांची एक मालिका होती. ती 2014 साली एस्टोनियाशी 0-0 अशी बरोबरी झाली तेव्हा तुटली. परक्या मैदानावर तर साधा गोल करणेही दुर्मिळ. 2015 साली लिथुएनियात मातेओ व्हितायोलीने फ्री किकवर गोल केला, तो परमैदानावरचा 14 वर्षांतला पहिला गोल होता. सामना बरोबरीत सुटणार असे वाटत असतानाच शेवटच्या वाढीव मिनिटांत लिथुएनियाने विजयी गोल मारला.

ही जंत्री मी मुद्दाम वाचून दाखवली. विजयाच्या गोष्टी सांगताना आपण हा भाग एका वाक्यात उरकतो. चौदा वर्षांनी एक गोल होतो आणि तरीही हरून घरी परतावे लागते. दुसऱ्या दिवशी कचेरीत हजर राहायचे असते. तिथे सहकारी काय विचारत असतील?

आणि आपल्या त्या पालकांचा प्रश्न त्यांनाही विचारला गेलाच. 2016 साली जर्मनी त्यांच्याकडे येऊन 8-0 असा जिंकून गेली. त्यानंतर थॉमस म्यूलर या विश्वविजेत्या खेळाडूने अशा सामन्यांचा व्यावसायिक फुटबॉलशी काय संबंध, अशा आशयाची नाराजी जाहीर केली. सान मारिनोच्या आलान गास्पेरोनी यांनी त्याला खुले पत्र लिहिले आणि हा सामना का खेळला गेला, याची दहा कारणे दिली. काही मिस्कील, काही बोचरी. मला त्यातले एक विशेष आवडले: सामन्याच्या प्रक्षेपणातून मिळणाऱ्या पैशातून एका छोट्या गावात मुलांसाठी मैदान होऊ शकते. मोठमोठ्या तत्त्वांपेक्षा हे उत्तर मला अधिक पटते. मी त्या सकाळी चिकाटीविषयी बोलले होते. मैदानाविषयी बोलायला हवे होते.

आता त्या सामन्याकडे येते. 5 सप्टेंबर 2024 रोजी सान मारिनोने स्वतःच्या मैदानावर लिक्टेनस्टाइनला 1-0 असे हरवले. गोल करणारा निको सेन्सोली 19 वर्षांचा होता. म्हणजे त्याच्या देशाने याआधीचा सामना जिंकला, तेव्हा तो जन्मलाही नव्हता. गटात तिसरा संघ जिब्राल्टरचा. त्यांच्याशी एक सामना गमावला, एकात बरोबरी झाली. शेवटचा सामना 18 नोव्हेंबरला, लिक्टेनस्टाइनच्या राजधानीत, वाडुझ येथे, ऱ्हाइन नदीकाठच्या मैदानावर. जिब्राल्टरचे गुण 6, सान मारिनोचे 4. गटात पहिले यायचे तर जिंकण्यावाचून गत्यंतर नव्हते, आणि परक्या मैदानावर हा संघ 34 वर्षांत एकदाही जिंकलेला नव्हता.

चाळिसाव्या मिनिटाला यजमानांनी गोल केला. मध्यंतराला 0-1. त्या मध्यंतरात खोलीत काय बोलणे झाले, हे ऐकायला मला आवडले असते. प्रशिक्षक रॉबेर्तो चेव्होली यांनी काय सांगितले असेल? खेळ पुन्हा सुरू झाला आणि पहिल्याच मिनिटाला लोरेन्झो लाझारीने बरोबरी साधली. 66 व्या मिनिटाला निकोला नान्नीने पेनल्टीवर दुसरा गोल केला. 76 व्या मिनिटाला आलेस्सांद्रो गोलिनुच्चीने तिसरा. सामना 3-1. एका सामन्यात तीन गोल या देशाने पूर्वी कधीच केले नव्हते. जागतिक क्रमवारीत 210 वा, म्हणजे सर्वांत शेवटचा असलेला संघ गटात पहिला आला आणि वरच्या श्रेणीत गेला.

इथवर आल्यावर मी स्वाभाविकपणे म्हणावे, "पाहा मुलांनो, प्रयत्नांती परमेश्वर!" पण मी तसे म्हणणार नाही, कारण ते अर्धेच खरे आहे. सान मारिनोचे खेळाडू 1990 सालापासून प्रयत्न करीत होते. 13-0 अशी हार खाणाऱ्यांची चिकाटी 2024 च्या मुलांपेक्षा कमी होती, असे कोण म्हणेल? मग बदलले काय?

बदलली ती सामन्यांची मांडणी. युरोपच्या फुटबॉल महासंघाने 2018 साली नेशन्स लीग नावाची स्पर्धा सुरू केली. तीत देशांच्या बळानुसार चार श्रेण्या केल्या, आणि सर्वांत खालच्या श्रेणीत लहान संघ एकमेकांशी खेळू लागले. लिक्टेनस्टाइनची वस्ती 40,000 च्या घरात. जिब्राल्टरही तसेच लहान. प्रथमच सान मारिनोला वर्षातून काही सामने असे मिळू लागले, जे जिंकणे शक्य कोटीतले होते. तरीही पहिल्या वर्षी ते सहाही सामने हरले. दुसऱ्या खेपेस, 2020 साली, याच वाडुझमध्ये 0-0 अशी बरोबरी झाली आणि जिब्राल्टरशीही तसेच झाले. तिसऱ्या खेपेस पुन्हा सगळे पराभव. चौथ्या खेपेस हा विजय. चिकाटी तर हवीच, पण तिला कुठेतरी समतोल जमीन मिळावी लागते. ती जमीन खेळाडू तयार करत नाहीत. ती वडीलधाऱ्यांनी तयार करून द्यायची असते. आम्ही शिक्षक मुलांना "आणखी मेहनत करा" असे सांगून मोकळे होतो आणि आपल्या वाट्याचे काम विसरतो.

आणि हेही सांगायला हवे की त्या विजयाने सारे पालटले नाही. ऑक्टोबर 2025 मध्ये विश्वचषकाच्या पात्रता फेरीत हाच संघ व्हिएन्नाला गेला आणि ऑस्ट्रियाकडून 10-0 असा हरला. बलाढ्यांशी गाठ पडली की हरणे आलेच. पण आता त्यांच्या मुलांना हरणे म्हणजे काय आणि जिंकणे म्हणजे काय, या दोन्ही गोष्टी ठाऊक आहेत.

दहा गोलांवरून आपल्याच शहराची एक आठवण येते. 1952 साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियाने भारताला 10-1 असे हरवले होते. आपले बरेचसे खेळाडू अनवाणी खेळले होते. चार वर्षांनी मेलबर्नला याच भारताने यजमान ऑस्ट्रेलियाला त्यांच्याच भूमीवर 4-2 असे नमवले आणि उपांत्य फेरी गाठली. त्या सामन्यात मुंबईच्या नेव्हिल डिसोझा यांनी तीन गोल केले. ते सारे हौशी खेळाडूच होते. त्यांचे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम हे आपल्या हैदराबादचे, आणि मूळ पेशाने शाळामास्तर. हे मला कळले तेव्हा माझ्या पेशाचा मला थोडा गर्व वाटला, तो आपण क्षम्य मानावा.

आता त्या पालकांकडे परत जाते. जून महिन्यात मी त्यांना पुन्हा बोलावले आणि म्हटले, "तुमचा प्रश्न बरोबर होता. माझं उत्तर चुकलं होतं." नंतर क्रीडाशिक्षक, ते स्वतः आणि मी असे तिघे स्कूटर-रिक्षातून फिरलो. मुसीच्या पलीकडे उर्दू माध्यमाची एक शाळा आहे; पटसंख्या आपल्याएवढीच. एक कन्नड माध्यमाची आहे. एक तेलुगू माध्यमाची सरकारी शाळा आहे, तिच्याकडे मैदान आहे पण चेंडू नव्हता. तिन्ही मुख्याध्यापकांच्या खोल्यांत तेच फिकट झालेले फोटो, तेच चषकांचे रिकामे कपाट आणि तीच चिंता. उर्दू शाळेच्या बड्या बाईंनी चहा मागवला आणि विचारले, "तुमच्याकडेही तुकड्या कमी झाल्या का?" आमचे फुटबॉलचे बोलणे त्यानंतर पाऊण तासाने सुरू झाले.

चार शाळांनी मिळून आपापसांत सामने ठरवले आहेत: एकदा आपल्या अंगणात, एकदा त्यांच्या. चषक नाही, बक्षीस नाही. मोठ्या शाळांशी खेळणे आम्ही सोडलेले नाही. वर्षातून दोनदा तिथेही जाणार आहोत, आणि बहुधा हरणार आहोत. ते आता मुलांना आधी सांगून नेतो.

आतापर्यंत या चौघांत आपले चार सामने झाले. दोन हरलो, 1-2 आणि 0-1. एक बरोबरीत सुटला. गेल्या महिन्यात आपल्याच मैदानावर, त्या कडुनिंबाखाली, आपण कन्नड शाळेला 2-1 असे हरवले. सातवीत असताना ज्याला ओढून नेले होते, त्या मुलाने दुसरा गोल केला. त्याचे वडील कडेला उभे होते. त्यांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. ते चष्मा पुसत राहिले.

परक्या मैदानावर मात्र आपण अजून जिंकलेलो नाही.

येत्या रविवारी सामना मुसीपलीकडे, उर्दू शाळेत आहे. बस सकाळी साडेसहाला शाळेच्या फाटकातून निघते. संघ, क्रीडाशिक्षक आणि पाण्याचे पिंप धरूनही मागच्या बाजूला आठ-दहा आसने रिकामी असतात. येऊ इच्छिणाऱ्यांनी कार्यालयात आपली नावे द्यावीत. आता मी चषकांची यादी वाचते.