राखलेला उजेड



मजुरीच्या हिशेबात आयुष्य घालविलेल्या माणसाने चित्रकलेवर बोलावे, याचे आपणांस नवल वाटेल. म्हणून आम्ही आरंभ मजुरीपासूनच करतो.

१७९० नंतरच्या दशकात लंडनमध्ये डॉक्टर मन्रो यांच्या घरी दोन तरुण संध्याकाळी सहा ते दहा चित्रांच्या नकला करीत. दोघांचाही जन्म १७७५ चा. टॉमस गर्टिन रेषा काढी. न्हाव्याचा मुलगा विल्यम टर्नर त्यांवर रंगाचे हात देई. टर्नरला रात्रीचे साडेतीन शिलिंग मिळत. नकला असत त्या जॉन कझन्स या चित्रकाराच्या. त्याचे मन बिघडलेले. तो याच डॉक्टरांच्या उपचाराखाली होता. त्याचे आल्प्स, त्याची इटली करड्या-निळ्या छटांत बुडालेली. निसर्गचित्र केवळ स्थळाची ओळख पटवीत नाही, ते मनाची उदासीही सांगते, हे या तरुणांना त्या नकलांनी शिकविले.

आता प्रकाशाकडे येऊ. तैलचित्रात उजेड पांढऱ्या रंगाने चढविता येतो. पारदर्शक जलरंगात पातळ रंगाखालचा कागदच उजळतो. म्हणून सर्वांत लखलखीत जागा ती, जिला कुंचला लागलाच नाही. गर्टिनचे १८०० सालचे 'चेल्सी येथील पांढरे घर' पाहा. थेम्स नदी, मावळती सांज, सारे धूसर. तीरावर एकच लहानसे घर आणि पाण्यात त्याचे शुभ्र प्रतिबिंब. ते घर रंगविलेले नाही, राखलेले आहे. भोवतालचे सारे मंद, म्हणूनच त्या घराची शांतता मनाला भिडते. दोनच वर्षांनी, १८०२ मध्ये, सत्ताविसाव्या वर्षी गर्टिन गेला.

टर्नर पुष्कळ जगला. १८४२ च्या 'निळा रीगी' या चित्रात त्याने लुसर्न सरोवरावरची पहाट रंगविली. तिच्यातली शुक्राची चांदणी त्याने रंग चढलेला कागद खरवडून मिळविली.

आम्ही यंत्रमागावर बारा-बारा तासांच्या पाळ्या केल्या. तेथे पहाट आणि सांज दिव्याखाली सारखीच. नगरवाचनालयातल्या पुस्तकात ते पांढरे घर प्रथम दिसले, तेव्हा आमच्या किती संध्याकाळी गेल्या ते कळले. आठ तासांची पाळी मागितली की मालक विचारतात, उरलेल्या वेळात कामगार करणार काय? आम्ही म्हणतो, त्याचे तो पाहील; तेवढा कागद कोरा राहू द्या. जेथे तो राखलेला नाही, तेथे आम्हांला खरवडावे लागते.