दुकान हलविताना



या मालेत संतवाङ्मयावर, इतिहासावर, शेतीवर बोलणारी मोठी माणसे येऊन गेली. त्यांच्या पाठोपाठ हेल्मेट आणि रेनकोट विकणाऱ्यांना येथे उभे करण्यात चालकांनी बरेच धाडस केले आहे. आम्ही वक्ते नाही. दुकान एका जागेवरून दुसऱ्या जागेवर नेताना आमचे काय झाले, एवढेच सांगणार आहोत. ऐकणाऱ्यांत दुकानदार असतील त्यांना ते उपयोगी पडेल. गिऱ्हाईक असतील त्यांना निदान गंमत तरी वाटेल.

आम्ही बोरीचे. बोरी हे परभणी जिल्ह्याच्या जिंतूर तालुक्यातले गाव, जिंतूर-परभणी रस्त्यावरचे. हाच रस्ता आता ७५२-के क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग झाला आहे. आमचे जुने दुकान मात्र या रस्त्यापासून आत, बाजाराच्या बोळात होते. वडिलांनी ते सायकलदुरुस्तीसाठी घेतले होते. आठ फूट रुंद, दहा फूट खोल, वर पत्रा, पुढे दगडी ओटा. पुढे सायकली कमी झाल्या. मराठवाड्यातच वाळूजला १९८५ साली बजाजचा कारखाना सुरू झाला आणि काही वर्षांत आमच्याकडेही दारोदार मोटारसायकल दिसू लागली. पंपाच्या जागी सीट कव्हर आले, मग आरसे, हातमोजे, टाकीवरच्या पिशव्या, पावसाळ्यात रेनकोट आणि शेवटी हेल्मेट. माल वाढत गेला, जागा तेवढीच राहिली. आत दोन माणसे उभी राहिली की तिसऱ्याला वाकून यावे लागे. म्हणून हेल्मेटे बाहेर, ओट्याच्या वर खिळ्यांना टांगलेली असत. बोळातून येणाऱ्याला ती दुरून दिसत आणि आम्हांला तीच आमची पाटी वाटे.

तीन उन्हाळे ती तशी टांगलेली होती. परभणीचा मे महिना आपणांस सांगायला नको.

एके दिवशी एक तरुण आला. नव्या नोकरीवर रुजू व्हायला निघालेला. त्याने खिळ्यावरचे एक हेल्मेट काढले, डोक्याला घातले, हनुवटीखालचा पट्टा ओढला आणि पट्टा बकलापासून सुटून त्याच्या हातात आला. तो हसला. आम्ही हसलो नाही. त्याला आतले दुसरे दिले, आणि तो गेल्यावर बाहेरची सगळी खाली उतरवली. रंग विटला होता, हे रोजच दिसत होते. पण आतला थर्मोकोलसारखा थर नखाने दाबला तर भुगा पडत होता, आणि पट्ट्यांचा नायलॉन उन्हाने कुजल्यासारखा झाला होता.

हेल्मेटाचे खरे काम कोण करते, हे गिऱ्हाइकाला सहसा ठाऊक नसते. आम्हांलाही नव्हते. वरचे चकचकीत कवच आघात पसरवते, पण तो शोषून घेतो तो आतला थर. डोके आपटते तेव्हा तो दबतो, चिरडतो, आणि डोक्याच्या वाट्याचे आपण घेतो. एकदा चिरडला की तो पुन्हा उपयोगाचा नाही. म्हणून जोराने आपटलेले हेल्मेट वरून कितीही धड दिसो, ते टाकून द्यायचे असते. आणि पट्टाच तुटला तर हेल्मेट एका बाजूला जाते, डोके दुसऱ्या बाजूला. अरबस्तानातल्या मोहिमेमुळे प्रसिद्ध झालेले टी. ई. लॉरेन्स १९३५ साली इंग्लंडात मोटारसायकलवरून पडले आणि सहा दिवसांनी वारले. त्यांच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स नावाचे मेंदूचे शल्यविशारद होते. त्यांनी पुढे लष्करातल्या निरोप्या मोटारसायकलस्वारांच्या डोक्याच्या दुखापतींचा अभ्यास केला आणि १९४१ साली तो प्रसिद्ध केला. हेल्मेटाच्या बाजूने शास्त्रशुद्ध बोलण्यास तेथून सुरुवात झाली. हे सारे आम्ही वाचले, पण पट्टा हातात आल्यानंतर. आधी वाचले असते तर बरे झाले असते.

असो. बाहेर टांगलेली हेल्मेटे चौदा होती. वडील म्हणाले, "अर्ध्या किमतीत काढून टाका. लोकांना पोलिसाला दाखवायपुरतं लागतंय." वडिलांचे म्हणणे खोटे नव्हते. कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली, बिनहेल्मेटवाल्याला हजार रुपये दंड आला, आणि त्यानंतर आमच्याकडे आलेली पुष्कळ गिऱ्हाइके दंडालाच भिऊन आली होती. पण १ जून २०२१ पासून आय.एस.आय. शिक्क्याशिवाय हेल्मेट विकता येत नाही. आमच्या चौदांवरही तो शिक्का होता. शिक्का शाबूत, हेल्मेट गेलेले. शिक्का कारखान्यातून निघतानाच्या मालाचा असतो. आमच्या पत्र्याखाली आणि उन्हात त्याचे काय झाले, हे तो सांगत नाही. आम्ही दोघा भावांनी त्या चौदांचे पट्टे कात्रीने कापले, म्हणजे उकिरड्यावरून उचलूनही कोणी घालू नये. वडील दोन दिवस आमच्याशी बोलले नाहीत. त्यांच्या दुकानात माल मोडून टाकण्याची रीत नव्हती, आणि ते नुकसान त्या महिन्याच्या कमाईपेक्षा जास्त होते.

जागा बदलायची हे त्या दिवशी ठरले. धंदा वाढावा म्हणून ठरले, असे सांगितले तर ते चांगले दिसेल. पण खरे कारण हे होते की, त्या पत्र्याखाली हा माल ठेवणे योग्य नव्हते.

वडिलांचा विरोध जागेच्या मायेचा होता. "तीस वर्षे ज्या ओट्यावर भवानी झाली, तो ओटा सोडायचा?" तेव्हा आम्ही त्यांना लक्ष्मणराव किर्लोस्करांची हकीकत वाचून दाखवली. किर्लोस्करांचा एवढा मोठा पसारा बेळगावातल्या सायकलींच्या दुकानापासून सुरू झाला, हे वडिलांना ठाऊक नव्हते, आणि सायकल म्हटल्यावर ते कान देऊन ऐकू लागले. १८८८ साली त्या बंधूंनी तो व्यवसाय मांडला. लक्ष्मणराव मुंबईत तंत्रशाळेत शिकवीत आणि तिकडून सायकली पाठवीत, रामुअण्णा बेळगावात त्या विकीत. सायकल तेव्हा श्रीमंतांची वस्तू. नुसती विकून भागत नसे, गिऱ्हाइकाला ती चालवायलाही शिकवावी लागे. पुढे लक्ष्मणराव बेळगावला आले, कडबा कापण्याची यंत्रे आणि लोखंडी नांगर करू लागले. लोखंडाने जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत, त्यामुळे नांगर पडून राहत. तशात नगरपालिकेने जागा सोडायला सांगितले. जायचे कुठे? औंधच्या राजेसाहेबांनी, बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी, आपल्या संस्थानात कुंडल रोड स्टेशनजवळ माळरान दिले आणि भांडवलासही हात दिला. १९१० साली निवडुंगाने भरलेल्या त्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहू लागली. त्या माळाला पाहून कोणी चांगली जागा म्हटले नसते. पण शेजारून रेल्वे जात होती, माल आणता-नेता येत होता, आणि मालाच्या धंद्याला ते पुरे होते.

वडील म्हणाले, "त्यांना राजा मिळाला. आपल्याला कोण?" याला आमच्याकडे उत्तर नव्हते. सहा महिन्यांचे आगाऊ भाडे आम्हीच जमवले.

जागा शोधताना एक गोष्ट शिकलो. रस्त्यावरून किती गाड्या जातात हे मोजण्यात अर्थ नाही. किती थांबतात ते मोजावे. आम्ही दोघे आळीपाळीने, दोन बाजाराचे आणि दोन साधे दिवस, चहाच्या टपरीवर वही घेऊन बसलो. भरधाव जाणारा मोटारसायकलस्वार पाटी वाचीत नाही. पंक्चरवाल्याजवळ, खताच्या दुकानाजवळ, चहाजवळ तो उतरतो, आणि उतरलेला माणूसच दुकानात येतो. एक गाळा रस्त्याला अगदी चिकटून, स्वस्त होता. पण त्याचा पुढचा भाग सरकारी हद्दीत येत असावा अशी शंका आली, तो सोडला. दुसरा माडीवर होता. रेनकोट घ्यायला भिजलेला माणूस जिना चढत नाही. तिसरा पंक्चरवाल्यापासून हाकेच्या अंतरावर, स्लॅबचा, उत्तरेकडे तोंड असलेला, पुढे चार गाड्या लावण्याइतकी मोकळी जागा असलेला. भाडे जुन्याच्या तिप्पट. तोच घेतला.

कागदपत्रांचे थोडक्यात सांगतो. भाड्याचा करार लेखी आणि नोंदणी केलेलाच करावा. तोंडी शब्दावर गाळा घेऊ नये, मालक नातलग असला तर मुळीच नको. जी.एस.टी.ची नोंदणी असेल तर जागा बदलल्यापासून पंधरा दिवसांच्या आत पत्ता बदलण्याचा अर्ज करावा लागतो. दुकान-आस्थापनेच्या २०१७ च्या कायद्याने थोडे कामगार असणाऱ्या आमच्यासारख्यांना नोंदणीऐवजी नुसती सूचना द्यायची असते. वीज मीटरवर मागची थकबाकी आहे का, हे आधी पाहावे. आम्ही नंतर पाहिले.

नव्या गाळ्याला आम्ही हौसेने काचेचे दार लावले. पहिल्या बाजाराच्या दिवशी आमची जुनी गिऱ्हाइके, आसपासच्या वाड्यावस्त्यांवरचे शेतकरी, दाराबाहेर थांबली. एकाने चपला बाहेर काढून ठेवल्या. कोणी आत डोकावले आणि "नंतर येतो" म्हणून निघून गेले. बोळातल्या ओट्यावर जे हक्काने बसत, तंबाखू मळीत, भाव पाडीत, ते येथे परके झाले होते. जागा मोठी झाली, प्रकाश आला, आणि माणूस बाहेर राहिला. आठवड्याभरात ते दार काढून मागच्या भिंतीला टेकवून ठेवले आणि पुढे एक लाकडी बाक टाकला. धूळ येते. ती झाडतो.

उधारीच्या वहीचा अनुभव मासलेवाईक आहे. दुकान हलले म्हणजे जुनी बाकी त्या ओट्यावरच राहिली, असा काहींचा प्रामाणिक समज झाला. "ते तिकडचं होतं," असे एकाने आम्हांला समजावून सांगितले. काही बाकी अजूनही तिकडचीच आहे.

पण एक गोष्ट झाली. आता आत आरसा आहे, आणि शिंप्याची टेप आहे. भुवईच्या किंचित वरून डोक्याचा घेर घेतो. अठ्ठावन्न सेंटिमीटर आला तर मधला माप, साठ आला तर मोठा. घालायला लावतो, पट्टा बांधतो, दोन्ही हातांनी हेल्मेट धरून हलवतो. हेल्मेट फिरले आणि गाल जागीच राहिले तर ते सैल. गालाची कातडी बरोबर हलली तर ठीक. जुन्या जागेत हे करायला कोपर हलवण्याइतकी जागा नव्हती. तिथे लोक भावाचे डोके अंदाजाने सांगत आणि आम्ही अंदाजाने देत असू. किर्लोस्कर बंधूंना सायकलीबरोबर ती चालवायलाही शिकवावे लागले, ते का, हे आता समजते. डोक्याला रुमाल बांधून त्यावर हेल्मेट घालणाऱ्या म्हाताऱ्याला तो सोडायला लावणे, याला कधी कधी अर्धा तास लागतो. माल आता भिंतीच्या कपाटात, उन्हापासून दूर आहे, आणि प्रत्येक डब्यावर आणल्याची तारीख आम्ही शाईने लिहितो.

विक्री वाढली का, असे चालकांनी आम्हांला विचारले होते. पहिल्या वर्षी भाडे वजा जाता जुन्यापेक्षा कमी उरले. दुसऱ्या वर्षी बरोबरी झाली. तिसरे चालू आहे.

वडील नव्या दुकानात रोज येतात, फक्त बाजाराच्या दिवशी येत नाहीत. त्या दिवशी ते बोळातल्या जुन्या ओट्यावर जाऊन बसतात. तिथे आता एकाने बांगड्यांचे दुकान मांडले आहे, तो त्यांना चहा पाजतो. जुने गिऱ्हाईक चुकून तिकडे आले की वडील त्याला आमच्याकडे पाठवतात, आणि बरोबर निरोप देतात: याचे डोके मोठे आहे, साठचे दाखवा.