देशी मोटारीचा अपराधी कोण?

(कामगार कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा संकलित भाग)

३० ऑक्टोबर २०२३ रोजी मुंबईच्या रस्त्यांवरून प्रीमियर पद्मिनी टॅक्सी निवृत्त झाली. वर्तमानपत्रांनी तिच्यावर हळवे लेख लिहिले. ज्या कुर्ल्याच्या कारखान्यात ती घडली तेथील कामगारांचे पुढे काय झाले, हा प्रश्न मात्र फारसा कोणी विचारला नाही. ज्यांनी विचारला त्यांच्यासाठी उत्तर तयार होते : ‘युनियनने कारखाना बुडवला.’ हा आरोप आपल्या कानांवर इतक्या वेळा आदळला आहे की, आपल्यापैकीही काहींना तो अर्धा खरा वाटू लागला आहे. म्हणून आज त्याची छाननी करू.

देशी मोटारधंद्याचा आरंभ अभिमानास्पद होता. १९४२ मध्ये बिर्लांनी हिंदुस्थान मोटर्स आणि १९४४ मध्ये वालचंद हिराचंद यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. स्वातंत्र्यानंतर राष्ट्राने या धंद्याला भक्कम संरक्षण दिले. १९४९ मध्ये तयार मोटारींच्या आयातीवर बंदी आली. १९५३ मध्ये ‘येथे प्रत्यक्ष उत्पादन करणार असाल तरच राहा’ असे धोरण ठरले आणि जनरल मोटर्स व फोर्ड या बलाढ्य अमेरिकन कंपन्यांनी येथून काढता पाय घेतला. सारा देशी बाजार दोन-तीन घराण्यांच्या स्वाधीन झाला. हे धोरण चुकीचे होते असे मी म्हणणार नाही. नव्या राष्ट्राला आपला उद्योग उभा करण्याचा हक्क असतोच. परंतु हे संरक्षण म्हणजे जनतेने दिलेले कर्ज होते. त्याची फेड चांगल्या, स्वस्त मालाने आणि नव्या कौशल्याने व्हावयास हवी होती.

ती झाली का? मॉरिस ऑक्सफर्डची जी आवृत्ती इंग्लंडमध्ये १९५९ मध्ये बंद झाली, तीच अॅम्बॅसडर म्हणून उत्तरपाड्याच्या कारखान्यातून २०१४ पर्यंत बाहेर पडत राहिली. कुर्ल्यात १९६४ मध्ये फियाट ११०० डिलाइट आली. तिचेच पुढे १९७२ मध्ये प्रेसिडेंट आणि १९७४ मध्ये पद्मिनी असे नामांतर झाले. नाव बदलले, मोटार तीच राहिली! गिऱ्हाईक वर्षानुवर्षे प्रतीक्षायादीत तिष्ठत असे आणि घाई असेल त्याला वर ‘ऑन’ मोजावा लागे. जो माल असा हातोहात खपतो तो सुधारण्याची कारखानदाराला गरज ती काय?

कारखानदारांची बाजूही ऐकली पाहिजे. ते म्हणतात, सरकारने आमचे हात बांधले होते. यात तथ्य आहे. परवाना घेतल्याशिवाय उत्पादन वाढवता येत नव्हते, परकीय चलन मिळत नव्हते आणि मोटार ही चैनीची वस्तू मानून तिच्यावर जबर कर बसत. किंमत-नियंत्रणाविरुद्ध तर कारखानदार सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. पण ते नियंत्रण १९७५ च्या सुमारास उठले. त्यानंतर पुढच्या आठ वर्षांत तरी नवी मोटार आली का? आली ती मारुतीचे आव्हान समोर ठाकल्यावर. आणि १९८५ मध्ये कुर्ल्याहून निघालेल्या ११८ एनई या ‘नव्या’ मोटारीचा सांगाडा होता १९६६ सालच्या फियाट १२४ चा!

सरकारचा खरा अपराध वेगळाच आहे. त्याने संरक्षण दिले, पण हिशेब मागितला नाही. संरक्षण किती वर्षे, कोणत्या अटींवर आणि अटी मोडल्या तर काय, हे कोणी विचारले नाही. दक्षिण कोरियातही देशी मोटारधंद्याला कडक संरक्षण होते. परंतु तेथे सरकारने कंपन्यांकडून निर्यात वसूल करून घेतली. १९६७ मध्ये स्थापन झालेली ह्युंदाई १९८६ मध्ये अमेरिकेत मोटारी विकू लागली आणि १९९८ मध्ये चेन्नईजवळच्या कारखान्यातून आपल्याच बाजारात उतरली. तेथील राजवटीने कामगारांवर केलेली दडपशाही आपल्याला कदापि मान्य होणार नाही. पण भांडवलदाराला शिस्त लावता येते, एवढा धडा त्यातून घ्यावाच लागेल.

आता मुख्य आरोपी, कामगार. कोणती मोटार काढायची, यंत्रे केव्हा बदलायची, नफा कोठे गुंतवायचा, यांतला एक तरी निर्णय कामगाराच्या हाती होता काय? १९८१ मध्ये स्थापन झालेली मारुती उद्योग ही सरकारी कंपनी होती. सुझुकीचा हिस्सा आरंभी २६ टक्के होता. १४ डिसेंबर १९८३ रोजी तिची पहिली मोटार गिऱ्हाइकाच्या हाती पडली. तिला सरकारच्या सवलती मिळाल्या हे खरे. परंतु ती घडवणारे हात भारतीयच होते. १९९८ मध्ये टेल्कोने पुण्याच्या कारखान्यातून इंडिका आणली. ती घडवणारा कामगार याच महाराष्ट्रातला. तेव्हा येथला कामगार आधुनिक मोटार बनवू शकत नाही हा आक्षेप टिकत नाही. १९९३ मध्ये परवानापद्धती उठली तेव्हा कुर्ला आणि उत्तरपाडा उघड्यावर पडले, ते चाळीस वर्षांच्या मालकी निष्क्रियतेमुळे.

तरीही मित्रहो, आपल्याला स्वच्छ हात दाखवून मोकळे होता येणार नाही. आपण पगारासाठी लढलो, बोनससाठी लढलो आणि ते लढे न्याय्यच होते. पण मालक नवी यंत्रे का आणत नाही, दहा वर्षांनी हा माल कोण घेईल, हे प्रश्न आपण किती करारांच्या वेळी टेबलावर ठेवले? उत्पादन हा मालकाचा प्रांत आणि वेतन हा आपला, ही वाटणी आपण निमूटपणे मान्य केली. उत्तरपाड्याच्या कारखान्याची तीनशेहून अधिक एकर जमीन पुनरुज्जीवनाच्या नावाखाली विकण्यास परवानगी दिली ती डाव्या आघाडीच्याच सरकारने. पुनरुज्जीवन झाले नाही. मे २०१४ मध्ये काम थांबले आणि सुमारे अडीच हजार कामगार घरी बसले. २०१७ मध्ये ‘अॅम्बॅसडर’ हे नुसते नाव फ्रान्सच्या प्यूजो कंपनीला ८० कोटी रुपयांना विकले गेले. त्या नावाला किंमत आणली ती कोणाच्या घामाने?

हे सारे जुने उकरून काढण्याचे कारण उघड आहे. जनतेच्या पैशाने मोटारधंद्याला आधार देण्याचे पर्व पुन्हा सुरू झाले आहे. २०२१ मध्ये केंद्र सरकारने मोटारी व त्यांचे सुटे भाग यांच्या उत्पादनासाठी २५,९३८ कोटी रुपयांची प्रोत्साहन योजना मंजूर केली. विजेवरच्या मोटारी येत आहेत. इंजिन आणि गिअर घडवणाऱ्या पिंपरी-चिंचवडच्या, चाकणच्या छोट्या कारखान्यांतील कामगारांपुढे उद्याचा प्रश्न उभा आहे. त्यांतले कित्येक तर कंत्राटी आहेत.

म्हणून यापुढच्या प्रत्येक मागणीपत्रात वेतनाच्या कलमाशेजारी आणखी तीन कलमे असली पाहिजेत : गुंतवणुकीचा आराखडा कामगारांना दाखवा, नव्या तंत्राचे शिक्षण आहे त्या कामगाराला द्या, आणि सरकारी साहाय्याला कायम नोकरीची अट घाला. कारखाना मालकाच्या नावावर असला तरी त्याच्या भवितव्याशी आपली चूल बांधलेली आहे. त्याची विचारपूस आपण वेळीच केली नाही, तर उद्या चाकणच्या मोटारीवरही हळवे लेख येतील आणि दोष पुन्हा आपल्याच माथी बसेल.