मुलांची वाचा आणि संगणकाचा आरसा
(पालक मेळाव्यात केलेले भाषण)



मूल उशिरा बोलू लागले की घरची वडीलधारी माणसे म्हणतात, ‘याचे अब्बाही उशिराच बोलले होते.’ मूल अडखळले तर शेजारची पोरे नक्कल करून हसतात. या बोलण्या-हसण्यात मोलाची वर्षे निघून जातात. अलीकडे मुलाच्या हाती मोबाइल दिला जातो आणि तेच त्याला बोलायला शिकवील अशी आशा धरली जाते. या आशेत खरे किती, तेवढेच आज सांगावयाचे आहे.

वाचाउपचारात संगणक आला तो आरसा म्हणून. ज्याला कमी ऐकू येते, त्याला आपला आवाज कसा निघतो हे उमगत नाही. १९८८ मध्ये आय.बी.एम. कंपनीने ‘स्पीचव्ह्यूअर’ नावाची योजना बाजारात आणली. मूल मायक्रोफोनमध्ये बोलते, संगणक त्या ध्वनीचे आकडे करतो आणि लगेच पडद्यावर चित्र उमटवतो. आवाज चढला, उतरला की चित्र बदलते. ‘स’मध्ये ‘श’पेक्षा उंच कंपनांचा जोर अधिक असतो, कानाला न कळणारा हा फरक अशा चित्रांत डोळ्यांना दिसू शकतो. मूल खेळता खेळता पुन्हा पुन्हा प्रयत्न करते. उपचारात सरावाला फार महत्त्व आहे, आणि यंत्र कंटाळत नाही.

परंतु आरसा निराळा आणि परीक्षक निराळा. आता उच्चार ऐकून ‘बरोबर’ वा ‘चूक’ असा निकाल देणारे कार्यक्रम निघाले आहेत. त्यांतील पुष्कळ इंग्रजीसाठी बनविलेले असतात. आपल्या मुलाच्या घरी कोकणी किंवा दख्खनी, शाळेत उर्दू किंवा मराठी. अशा यंत्राने त्याला नापास केले तर दोष मुलाचा म्हणावयाचा काय? आवाजाचे चित्र दाखविणारे यंत्र मुलाची भाषा विचारत नाही. निकाल देणारे यंत्र मात्र स्वतःची भाषा लादते. म्हणून निकाल वाचाउपचारतज्ज्ञाने द्यावा. आणि हेही ऐका : अनेक भाषा कानी पडल्याने वाचादोष होत नाही. मुलासाठी घरची बोली सोडू नका.

ज्या मुलांना बोलताच येत नाही, त्यांच्यासाठी मुंबईच्या आय.आय.टी.मध्ये ‘जेलो’ हे साधन तयार झाले आहे. मूल चित्रावर बोट ठेवते आणि यंत्र त्याच्या वतीने बोलते. पालकांना भीती वाटते की याने मूल आळशी होईल. अभ्यासांतून तसे आढळलेले नाही. आपले म्हणणे समोरच्याला कळते, हा अनुभव आला की मुलाची बोलण्याची उमेद वाढते.

मग आपण काय करावे? दोन वर्षांचे मूल दोन शब्द जोडत नसेल, पाठीमागून हाक मारल्यावर वळून पाहत नसेल, तर प्रथम त्याचे कान तपासून घ्या. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडी आणि सरकारी व अनुदानित शाळांतील मुलांची तपासणी होते. मुंबईत वांद्रे येथे १९८३ पासून एक राष्ट्रीय संस्था याच कामासाठी उभी आहे. तिला नाव दिले आहे अली यावर जंग यांचे. ते अलीगढ मुस्लिम विद्यापीठाचे कुलगुरू होते आणि पुढे महाराष्ट्राचे राज्यपाल झाले. त्या दारात जाण्यात कमीपणा कसला? मुलगी असेल तर ‘लग्नात अडचण येईल’ म्हणून झाकून ठेवू नका. झाकल्याने दोष जात नाही, उपचाराची वेळ मात्र जाते.

तज्ज्ञाने सांगितलेले शब्द रोज थोडा वेळ मुलासोबत बसून म्हणा. मोबाइलवर त्याचा आवाज नोंदवा, त्यालाच ऐकवा, पुढच्या भेटीत तज्ज्ञालाही ऐकवा. मोबाइलचा हा खरा उपयोग. नुसता पडदा पाहत बसणे म्हणजे उपचार नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितले की एक वर्षाच्या मुलाला पडदा दाखवूच नये आणि दोन ते चार वर्षांच्या मुलालाही दिवसाला एका तासाहून अधिक नको.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्या वर्गात कोणी अडखळत असेल, तर त्याचे वाक्य तुम्ही पुरे करू नका. तो पुरे करीपर्यंत थांबा. इतके धीराने ऐकणारा मित्र त्याला तुमच्यातच मिळावयाचा आहे.