आई गेल्यावर लेकरू काय विचारते?
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनी मृत्यूचा विषय कशाला, असे काहीजणींना वाटेल. परंतु आपण साऱ्या आया, आज्या, मावश्या आहोत. हा प्रसंग कोणत्या घरी केव्हा येईल, हे कोणी सांगावे? म्हणून मी पाहिलेल्या एका फ्रेंच चित्रपटाविषयी चार शब्द बोलणार आहे.

चित्रपटाचे नाव ‘पोनेट’. झाक द्वायाँ यांनी तो १९९६ साली काढला. पोनेट ही चार वर्षांची पोर. मोटारीच्या अपघातात तिची आई जाते. तिचा स्वतःचा हात प्लॅस्टरमध्ये. वडील तिला नात्यातल्या एका बाईच्या घरी ठेवून कामाला जातात. ती बाई प्रेमाने तिला येशू मरणातून उठल्याची कथा सांगते. झाले! येशू परत येतो, तर माझी आई का येणार नाही? पोर अंगणात वाट पाहत बसते. पुढे शाळेत एक मुलगी देवाने ऐकावे म्हणून तिच्याकडून धाडसाच्या परीक्षा करवून घेते. एक मुलगा तर म्हणतो, तू वाईट म्हणूनच आई मेली. पोनेटला सारेच खरे वाटते!

ही भूमिका करणारी व्हिक्त्वार तिव्हिसोल चित्रीकरणाच्या वेळी अवघी चार वर्षांची होती. त्याच वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात तिला सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचे पारितोषिक मिळाले.

भगिनींनो, आपण तरी निराळे काय करतो? ‘देवाघरी गेली’, ‘चांदणी झाली’ असे म्हणतो. मी बालवाडीत शिकवीत असताना एक मुलगा रोज दप्तर न उतरवता दारापाशी बसे आणि मला एस.टी.ची वेळ विचारी. आई गावाला गेली आहे, असे घरच्यांनी त्याला सांगितले होते. शेवटी त्याच्या आजीने त्याला मांडीवर घेतले आणि म्हटले, “बाळा, आई वारली. ती आता यायची नाही. तुझ्यामुळे नाही रे काही झाले. मी आहे तुझ्याजवळ.” पोर फार रडले. पुढेही तेच तेच विचारी, आणि आजी तेच उत्तर देई. पण एस.टी.ची वेळ विचारणे थांबले. आई पोळीला गूळ कसा लावी, हे तो मला सांगू लागला.

चित्रपटाच्या शेवटी पोनेट एकटीच स्मशानभूमीत जाते आणि इवल्या हातांनी आईची माती उकरू लागते. तेव्हा आई येते, तिच्याशी बोलते, आनंदाने राहायला शीक म्हणून सांगते. हा चमत्कार की पोरीच्या मनाचा खेळ, हे दिग्दर्शक उलगडून सांगत नाही. मला इतकेच दिसले, की कोणीतरी तिचे सारे ऐकून घेतले आणि नीट निरोप दिला. मगच ती वडिलांबरोबर परत निघाली.

शेजारी दुःख झाले की आपण पिठलंभाताचा डबा नेतो, मोठ्यांजवळ बसतो. यापुढे आपल्यापैकी एकीने त्या घरातल्या लहानग्यापाशी बसावे. खोटे सांगू नये, प्रश्नाला कंटाळू नये, आणि आईचे नाव घरात बंद होऊ देऊ नये. आपल्या मंडळाने एवढा नेम धरला, तर आजचा दिवस सार्थकी लागला असे मी समजेन.