बाजारभावाची वही आणि रात्री आठचा गडी
(जिल्हा बैठकीतील भाषणाचा मजकूर)



मागच्या बैठकीत एका भावाने साधा प्रश्न विचारला होता. आपल्या बाजार समितीत या हंगामात कापूस हमीभावाच्या खाली किती दिवस विकला गेला? सगळे एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागले. भाव पडल्याचा राग प्रत्येकाच्या पोटात होता, आकडा कुणाच्याच खिशात नव्हता.

भाव काही लपवलेला नसतो. केंद्र सरकारचे अ‍ॅगमार्कनेट २००० सालापासून आहे. राज्याच्या कृषी पणन मंडळाच्या वेबसाइटवरही रोजची आवक, कमीत कमी, जास्तीत जास्त आणि सर्वसाधारण दर लागतो. आपण मोबाइलवर पाहतो, हळहळतो आणि विसरतो. रोज वहीत उतरवू म्हटले तर चार दिवस उत्साह राहतो. पाचव्या दिवशी वेचणीला माणूस मिळत नाही, सहाव्या दिवशी आभाळ येते, वही कोनाड्यात जाते.

म्हणून आम्ही गावातल्या शिकलेल्या पोरांना हाताशी धरले आणि हे काम यंत्राला लावले. आपल्याला जो तक्ता दिसतो तो यंत्राच्या लेखी मजकुराची गंजी असते. पण त्यात प्रत्येक ओळीला आणि रकान्याला खुणा असतात. त्या खुणांवरून यंत्राला सांगता येते: पान आण, कापसाचा तक्ता शोध, आपल्या चार बाजार समित्यांच्या ओळी वेच आणि तारीख घालून फाइलीत खाली जोड. पायथन नावाच्या भाषेत हा प्रोग्राम तीस-चाळीस ओळींत बसतो. भाषा फुकट, पाने वेचायचे ब्यूटिफुल सूप नावाचे हत्यारही फुकट. पोरे याला स्क्रॅपिंग म्हणतात. आम्ही वेचणीच म्हणतो.

आता रोज आठवण कोण ठेवणार? लिनक्सच्या संगणकात क्रॉन नावाचा राखणदार असतो. त्याला पाच रकाने भरून द्यायचे: मिनिट, तास, तारीख, महिना, वार. पहिल्यात ०, दुसऱ्यात २०, उरलेल्या तिघांत चांदणी. झाले, रोज रात्री आठला काम सुरू. विंडोजमध्ये हेच काम टास्क शेड्यूलर करतो. फक्त एक लक्षात ठेवा. आठला वीज नसेल आणि यंत्र बंद असेल, तर क्रॉन ते काम नंतर करत नाही. तो दिवस गेला. आमचे पहिल्या महिन्यातले कितीतरी दिवस लोडशेडिंगनेच खाल्ले. मग अ‍ॅनाक्रॉन लावला, तो यंत्र चालू झाल्यावर राहिलेले काम उरकतो. भाड्याचे यंत्र घेतले तर त्याचे घड्याळ बहुतेक वेळा जागतिक वेळेचे असते. त्याचे रात्रीचे आठ म्हणजे आपल्याकडची मध्यरात्रीनंतरची दीड. आणि दीड वाजता प्रोग्रामने ‘आजचा’ भाव मागितला, तर तारीख उलटलेली असते.

पण खरी ठेच पुढेच लागली. ती सांगायला लाज वाटते, तरी सांगतो.

आमच्या प्रोग्रामला आम्ही शिकवले होते की तिसरा रकाना आवक, चौथा कमीत कमी, पाचवा जास्तीत जास्त, सहावा सर्वसाधारण. एके दिवशी वेबसाइटवाल्यांनी मध्ये एक रकाना वाढवला. त्यांचा काही दोष नाही, पान त्यांचे आहे. सगळे एक घर सरकले. प्रोग्राम अडखळला नाही, कुरकुरला नाही. जास्तीत जास्त दर त्याने सर्वसाधारण म्हणून उचलला आणि रोजच्यासारखा ग्रुपवर पाठवला. जास्तीत जास्त दर म्हणजे कोरड्या, पांढऱ्याशुभ्र एखाद्या गाडीचा असू शकतो. आमच्या एका सोबत्याने तो आकडा वाचून भल्या पहाटे टेम्पो भरला. भाव मिळाला तो नेहमीचाच, टेम्पोचे भाडे अंगावर पडले. तो आम्हाला काही बोलला नाही, तेच जास्त लागले.

सालगडी चुकला तर निदान विचारतो तरी. हा गडी विचारत नाही. तेव्हापासून आमचा प्रोग्राम रकाना मोजून नाही, डोक्यावरचे नाव वाचून उचलतो. कमीत कमीपेक्षा सर्वसाधारण कमी निघाला किंवा जास्तीत जास्तच्या वर गेला, तर निरोप पाठवत नाही, थांबतो. त्या दिवशी एवढी तपासणी असती तर चूक तिथेच सापडली असती. पानावरची तारीख आजची नसेल तर कालचा भाव आज म्हणून लिहीत नाही. आणि बाजार बंद असेल तर शून्य लिहीत नाही, ‘नोंद नाही’ लिहितो. शून्य लिहिले की महिन्याची सरासरी खड्ड्यात जाते, आणि पुढे कुणीतरी आपल्याच वहीने आपल्याला खोटे पाडतो.

रीतही पाळायची. वेबसाइटच्या दारात रोबोट्स डॉट टीएक्सटी नावाची पाटी असते. यंत्रांनी कुठे यावे, कुठे येऊ नये ते त्यावर लिहिलेले असते. ती आधी वाचावी. दिवसातून एकदा जावे, मिनिटामिनिटाला दार वाजवू नये. चित्रातली अक्षरे ओळखायला लावतात तिथे यंत्र घालू नये. आधार, ओटीपी, बँकेचा पासवर्ड प्रोग्रामात लिहू नये, पोर कितीही हुशार असो. शिवाय भारत सरकारच्या डेटा डॉट गव्ह डॉट इन वर बाजारभाव यंत्राला सरळ वाचता येईल असा मिळतो, नाव नोंदवून चावी घ्यावी लागते. दार उघडे असेल तर कुंपणावरून उडी कशाला?

२०२५-२६ च्या हंगामाचा हमीभाव लांब धाग्याच्या कापसाला ८,११० रुपये क्विंटल आणि मध्यम धाग्याला ७,७१० जाहीर झाला. संकरित ज्वारीला ३,६९९, मालदांडीला ३,७४९. हे आकडे फाइलीच्या एका रकान्यात टाकले की कोणत्या दिवशी सर्वसाधारण दर किती खाली होता ते आपोआप समोर येते. कापूस आम्ही सुरू केला आहे. ज्वारीला अजून हात घातलेला नाही, कारण आमच्या भागातल्या समित्यांत तिची नोंद सलग होत नाही. ज्या तालुक्यात होते त्यांनी ते काम उचलावे. बैठक संपल्यावर पोरे मागच्या बाकावर लॅपटॉप घेऊन बसतील. आपल्या जवळच्या चार बाजार समित्यांची नावे त्यांना लिहून द्या, वेबसाइटवर असतात त्याच अक्षरांत.